हात लावू नका

"मी सही करणार नाही," परेरासर म्हणाले आणि त्यांनी पेनाला टोपण लावून टाकलं.

बैठकीच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. टेबलाच्या डोक्याशी संचालक टिपणीस मॅडम, एका बाजूला मी आणि माझ्यासमोर डॉमिनिक परेरा. प्रोजेक्टरच्या उजेडात माझं चार महिन्यांचं काम भिंतीवर पसरलेलं होतं.

"चूक सापडली का काही?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"चाचण्या?"

"सगळ्या पास. कोड चांगला आहे हिचा. माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मग अडलंय कुठं?"

सरांनी भिंतीकडे बोट केलं. "तो राखीव तुकडा हिनं काढून टाकलाय. तो काढायला नको होता."

"का नको होता, सर?" मी विचारलं. आवाज शक्य तितका खाली ठेवला होता, पण आतून मी पेटले होते.

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"आठवत नाही," ते म्हणाले.

मॅडमना हसावं की रागवावं ते कळेना. मला मात्र नक्की कळलं होतं. म्हाताऱ्याला स्वतःचा कोड सोडवत नाही, एवढंच.

त्या वेळी मी एका सागरी संशोधन संस्थेत होते. संस्था समुद्राची, पण कचेरी पुण्यात, त्यामुळे आमच्यातल्या निम्म्यांचा समुद्राशी संबंध सुट्टीपुरता. मी तर तळेगाव ढमढेऱ्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे विहिरीचं. आमची संस्था बोये बनवायची. रिक्षाएवढे मोठे, पिवळेजर्द तरंगते बोये. खोल समुद्रात नांगरून ठेवले की ते लाटांची उंची, वारा, हवेचा दाब मोजायचे आणि दर अर्ध्या तासानं उपग्रहामार्फत एक ओळ पाठवायचे. त्या ओळींच्या भरवशावर मच्छीमारांना सांगितलं जायचं, जा किंवा जाऊ नका.

प्रत्येक बोयाच्या पोटात एक छोटा संगणक होता आणि त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आमचा स्वतःचा होता. माझ्या वडिलांना कित्येक वर्षं वाटायचं की मी कुणा निवृत्त कर्नलच्या हाताखाली काम करते. "साहेब तापट आहेत का गं?" असं ते विचारायचे. कर्नलचं एक मोठं काम म्हणजे मेमरीचं वाटप. संगणकात चालणारा प्रत्येक प्रोग्रॅम जागा मागतो, कर्नल देतो आणि काम झालं की परत घेतो. हा वाटपाचा भाग परेरासरांनी अठरा वर्षांपूर्वी लिहिला होता. आता बोयांवर पावसाचं आणि पाण्यातल्या प्राणवायूचं मापन करणारी दोन नवी यंत्रं बसवायची होती आणि त्यांना मेमरी पुरत नव्हती. म्हणून तो सगळा भाग तपासून नव्यानं बांधायचं काम माझ्याकडे आलं.

जुना कोड मी ओळ न् ओळ वाचला. त्यात एक विचित्र गोष्ट होती. बोया चालू होताक्षणी कर्नल जवळजवळ निम्मी मेमरी एका सलग तुकड्यात बाजूला काढायचा आणि कुलूप लावून ठेवायचा. दुसरीकडे कुठेच जागा मिळाली नाही तरच ते कुलूप उघडायचं. ते कधी उघडलं होतं का, याची नोंद कुठेच नव्हती. वर फक्त एक ओळ होती, रोमन लिपीतली पण मराठी: 'हात लावू नका. डॉ. प.', म्हणजे डॉमिनिक परेरा. आणि खरोखरच अठरा वर्षं कुणी लावला नव्हता.

मी हिशेब करून पाहिला. कितीही काम चालू असलं तरी बोयाची बरीच मेमरी रिकामीच असायची. मग हे कुलूप उघडायची वेळ येणार कशी? मी तो तुकडा काढला, जागा सगळ्यांना मोकळी केली आणि दोन्ही नवी यंत्रं त्यात आरामात बसवली. बोया प्रयोगशाळेत झुलत्या पाळण्यावर ठेवून हलवला, खोट्या लाटा दिल्या, महिनाभर शांत समुद्राच्या नोंदी त्यातून फिरवल्या. कुठेही अडलं नाही.

आणि आता हे म्हणत होते, आठवत नाही.

"डॉमिनिक, उन्हाळ्याआधी जहाज निघणार आहे," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही कारण सांगा, नाहीतर सही करा."

"कारण होतं. मी उगीच निम्मी मेमरी अडवून ठेवणारा माणूस नाही. एक करू. हिचा कोड घालून एक बोया रत्नागिरीसमोर टाकू. पावसाळा संपलाच आहे. थोडे दिवस राहू दे पाण्यात. काही नाही झालं तर मी सही करीन आणि हिची माफीही मागीन."

"माफी नको, सर," मी म्हणाले. "सही पुरे."

परेरासर वसईचे. पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. डब्यात घरची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली गोड केळी, आणायचे आणि पानात गुंडाळलेली एकेक सगळ्यांना वाटायचे. त्या दिवसापासून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवलेली सुकेळी मी तशीच ठेवू लागले. त्यांनी ते पाहिलं. पण ठेवायचं थांबवलं नाही.

बोया पाण्यात पडला. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर अर्धा सरला. समुद्र तळ्यासारखा शांत होता. बोयाची ओळ दर अर्ध्या तासानं न चुकता येत होती. मी रोज सकाळी आकडे पाहायची. निम्म्याहून जास्त मेमरी मोकळी. मला हवं होतं तसंच चाललं होतं.

मग एका सकाळी सर माझ्या टेबलापाशी आले. "पल्लवी, बॅग भर. रत्नागिरीला जायचंय."

"काय झालं?"

"ओमानच्या बाजूला वादळ झालंय. ते इकडे यायचं नाही, पण त्याच्या लाटा येतील. उद्या सकाळी पोचतील."

"म्हणजे हजार-दीड हजार किलोमीटरवरून?"

"चालत येतात त्या," सर म्हणाले. "चल, बघशील."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हसन मजगावकरांच्या ट्रॉलरवर होतो. हसनभाई संस्थेची बारीकसारीक कामं घेणारे तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान. बोया टाकायलाही त्यांचीच बोट नेली होती. आज मात्र त्यांच्या मनात नव्हतं.

"साहेब, आज बंदरातून एक पण बोट सुटली नाही. तुमच्यासाठी म्हणून चाललोय. पण दुपारच्या आत परत. मग तुमचा बोया बोलो की न बोलो."

"दुपारच्या आत परत," सरांनी मान डोलावली.

वारा असा नव्हताच. आभाळ घासून पुसून ठेवल्यासारखं निळं. मला वाटलं, कसलं वादळ आणि कसलं काय! किनारा मागे पडला, पाण्याचा रंग गडद झाला, आणि मग बोट वर उचलली जाऊ लागली.

मी लाटा पाहिल्या होत्या त्या किनाऱ्यावरच्या. फुटणाऱ्या, आवाज करणाऱ्या. या लाटांना आवाजच नव्हता. फेस नव्हता. पश्चिमेकडून पाण्याची एक लांबच लांब टेकडी यायची, या क्षितिजापासून त्या क्षितिजापर्यंत सलग. तिची पाठ काचेसारखी गुळगुळीत, वर कोवळं ऊन. ती आमच्याखाली शिरायची आणि अख्खी बोट, हसनभाई, सर, मी, जाळी, डिझेलची पिंपं, सगळ्यांना कसलेही कष्ट न घेता वर न्यायची. वर गेलं की मागच्या टेकड्या दिसायच्या, एकामागे एक, शिस्तीत. मग ती खालून निघून जायची आणि आम्ही दरीत उतरायचो. तिथं चारही बाजूंना फक्त पाणी. वाऱ्याची झुळूक नाही, ढगाचा ठिपका नाही, आणि एवढं मोठं काहीतरी चालत येतंय. मी कठडा घट्ट धरला होता, पण भीती वाटत नव्हती. भीती वाटायला आपण काहीतरी आहोत असं वाटावं लागतं.

"ह्याला म्हणतात पाहुणे," हसनभाई सुकाणूच्या चक्राशी उभे राहून म्हणाले. "घर तिकडे, जेवायला इकडे."

परेरासर मात्र कठड्यावरून ओणवे होऊन ओकत होते. वसईचा माणूस, आयुष्य समुद्रावर घालवलेला, आणि त्याला बोट लागत होती. मी पाण्याची बाटली दिली. चूळ भरत ते म्हणाले, "दर वेळी होतं हे. तू माझ्याकडे बघू नकोस. तिकडे बघ."

बोया समोर होता. पिवळा ठिपका लाटेच्या माथ्यावर चढायचा, उन्हात चमकायचा आणि नाहीसा व्हायचा. एवढ्या जवळून तो रेडिओवरून थेट आमच्या लॅपटॉपशी बोलू शकत होता. मी मांडी घालून केबिनच्या दारात बसले आणि पडद्यावर आकडे पाहू लागले. लाटांची उंची अडीच मीटर. मग पावणेतीन. मोकळी मेमरी निम्म्याहून जास्त.

"तीन झाले की लाटांचा मापक दुसऱ्या पद्धतीनं मोजायला लागेल," सर म्हणाले. "मोठ्या लाटेचा आकार पकडायला त्याला बारीक बारीक, खूप नोंदी घ्याव्या लागतात."

"माहितीये, सर. ते मी पाळण्यावर करून पाहिलंय. चाललं होतं."

"पाळण्यावर बोया नुकताच चालू केलेला होता."

मी वर पाहिलं. पण ते पुन्हा कठड्याकडे वळले होते.

पडद्यावर तीन मीटरचा आकडा उमटला. मापकानं जागा मागितली. एक मोठा तुकडा, सलग. कारण तो मापक मेमरीत थेट लिहायचा, त्याला तुकड्यातुकड्यांत लिहिता येत नव्हतं. कर्नलनं शोध घेतला. मोकळी मेमरी निम्म्याहून जास्त होती, पण महिनाभराच्या देवघेवीत तिचे बारीक बारीक तुकडे झाले होते. लग्नाच्या पंगतीत इथं एक पान रिकामं, तिथं दोन, अशी पन्नास पानं रिकामी असावीत आणि दारात एक मोठं कुटुंब उभं राहून म्हणावं, आम्हाला एका ओळीत बसवा.

'जागा मिळाली नाही.'

एवढी एक ओळ आली. मग मापक थांबला. कर्नलनं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग ठरलेल्या नियमानं सगळा संगणकच बंद होऊन नव्यानं सुरू झाला. नव्यानं सुरू झाल्यावर बोयाला आधी स्वतःचा तोल मोजावा लागतो आणि त्यासाठी काही वेळ त्याला बऱ्यापैकी स्थिर राहावं लागतं. त्या लाटांवर तो स्थिर कसा राहणार? तो प्रयत्न करत होता आणि सोडून देत होता. मग पडदा कोरा झाला.

मी मान वर केली. बोया तिथंच होता. धडधाकट, नव्या रंगाचा, उन्हात. एक टेकडी त्याला उचलत होती, ठेवत होती, दुसरी उचलत होती. आणि तो गप्प होता.

या बोयाला शांत समुद्रातच बोलता येणार होतं. लोकांना ज्या दिवशी त्याची गरज नाही, नेमकं त्याच दिवशी. आणि असे अकरा बोये उन्हाळ्याआधी खोल समुद्रात जाणार होते. त्यांत माझा कोड असणार होता.

सर माझ्याशेजारी येऊन खाली बसले. चेहरा राखेसारखा झाला होता. कोऱ्या पडद्याकडे बघत राहिले.

"आठवलं," ते हळूच म्हणाले.

मी लॅपटॉप बाजूला सरकवला.

"हे असंच होतं. हेच. आमचा पहिला बोया. जूनमध्ये वादळ आलं आणि हा गप्प झाला. आम्हाला वाटलं साखळी तुटली, वाहून गेला. वादळ ओसरलं आणि हा आपला पुन्हा बोलायला लागला, काही झालंच नाही अशा थाटात. किती दिवस शोधलं मी! सापडलं तेव्हा स्वतःचा इतका राग आला की एका बैठकीत तो तुकडा लिहिला, कुलूप घातलं आणि वर लिहिलं, हात लावू नका."

"कारण का नाही लिहिलंत, सर?"

"वाटलं, हे कोण विसरेल?" ते किंचित हसले. "मग त्यानं कधी त्रासच दिला नाही. एकदाही नाही. त्रास देणाऱ्या गोष्टी माणूस लक्षात ठेवतो, पल्लवी. हा मुकाट्यानं अठरा वर्षं काम करत राहिला."

हसनभाईंनी चक्र फिरवलं. "साहेब, बोलला का तुमचा बोया?"

"बोलला," सर म्हणाले. "जे सांगायचं ते सांगितलं त्यानं. चला परत."

येताना मी पिशवीतली सुकेळी काढून खाल्ली. सरांना विचारलं, तर त्यांनी दोन्ही हात जोडले आणि पुन्हा कठडा गाठला.

पुण्यात येऊन मी पुन्हा पहिल्यापासून बसले. जुना तुकडा जसाच्या तसा परत घालणं सोपं होतं, पण मग नव्या यंत्रांना जागा उरत नव्हती. मी वाटपाची पद्धतच बदलली. जे प्रोग्रॅम जागा घेतात आणि महिनोन् महिने सोडत नाहीत, त्यांना एका बाजूला बसवलं. येऊनजाऊन असणाऱ्यांना दुसऱ्या बाजूला. आणि राखीव तुकड्यात फक्त अशांना येऊ दिलं, जे हाक मारताच उठून जातील. समुद्र शांत असेल तोवर बसा, खवळला की क्षणात जागा रिकामी.

परेरासर रोज दुपारी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायचे. प्रत्येक फंक्शनपाशी त्यांचा एकच प्रश्न असायचा, "आणि इथं असताना लाट आली तर?" मी उत्तर द्यायची. पटलं तर पुढं, नाही तर मी पुसून पुन्हा लिहायची. एवढ्या बारकाईनं कुणी माझं लिहिलेलं वाचलेलं नव्हतं. माझ्या एका जागी त्यांनी अर्धा दिवस घालवला आणि शेवटी म्हणाले, "नाही, बरोबर आहे. मलाच भीती वाटत होती." शेवटच्या दिवशी त्यांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला, ती 'हात लावू नका'ची ओळ पुसली आणि त्या जागी सगळी हकीकत लिहिली. लाटांची, तुकड्यांची, गप्प बसलेल्या बोयाची. खाली आमच्या दोघांची नावं. मग सही केली.

जहाज उन्हाळ्याआधी निघालं.

मे महिन्याच्या अखेरीस लक्षद्वीपच्या वर वादळ उठलं. दोन दिवसांत ते एवढं वाढलं की जहाजांनी ती वाट सोडली. आमचा सातवा बोया त्याच्या मार्गात होता. त्याच्या ओळी पाहून आदल्या दिवशीच बोटींना परत फिरायला सांगितलं गेलं होतं. हसनभाईंचा सकाळी फोन आला होता, बंदरात जागा नाही, बोटीला बोट चिकटलीये.

आम्ही तिघं पडद्यासमोर होतो. मॅडम, सर आणि मी. बाहेर पुण्याचं कडक ऊन, खिडकीतून आंब्याच्या हातगाडीवाल्याची आरोळी येत होती. साडेदहाची ओळ आली. लाटा सात मीटर, वारा ताशी एकशेदहा किलोमीटर. प्राणवायूच्या यंत्रानं आपली जागा केव्हाच रिकामी करून दिली होती. अकराची ओळ आली. लाटा नऊ मीटर. वारा एकशेचाळीस. साडेअकरा. साडेदहा मीटर. हवेचा दाब मी कधी पाहिला नव्हता इतका खाली.

तीन मजली इमारतीएवढ्या त्या लाटांमध्ये दुसरं कुणीच नव्हतं. विमान नव्हतं, जहाज नव्हतं. वरून उपग्रहाला ढगांखेरीज काही दिसत नव्हतं. आणि तिथून ओळ येत होती.

बाराची ओळ वेळेवर आली नाही.

मॅडमनी टेबलावर हात ठेवला आणि तो तिथंच राहिला. पाच मिनिटं गेली. मी मनातल्या मनात कोडमधून एकेक पायरी उतरत होते, कुठं चुकलं असेल, कुठं.

मग ओळ आली, दुसऱ्यांदा पाठवलेली.

लाटा अकरा मीटर. पाऊस शून्य. वारा ताशी नऊ किलोमीटर.

"वाऱ्याचं यंत्र मोडलं," मी म्हणाले. "पावसाचंही गेलं."

"दाब बघ," सर म्हणाले.

दाब अजून खाली गेला होता.

"मोडलेलं नाही काही," त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "तो डोळ्यात आहे. वादळाच्या डोळ्यात."

ते खुर्चीतून उठून उभे राहिले. चर्चमध्ये माणसं उभी राहतात तसे. मग मॅडम उठल्या. मीही उठले.

"वर आत्ता निळं आभाळ असेल," सर म्हणाले. "ऊन असेल. भोवती सगळीकडे ढगांची भिंत, मैलोन् मैल उंच. खाली ह्या लाटा. डोळा पुढं सरकला की वारा उलट फिरेल."

माणसानं कधी उभं राहू नये अशा जागेच्या मधोमध तो पिवळा बोया वर चढत होता, खाली येत होता आणि मोजत होता. मी लिहिलेल्या काही ओळी त्या क्षणी तिथं जाग्या होत्या.

आम्ही बसलो नाही. हातगाडीवाला गल्लीच्या टोकाला गेला, त्याची आरोळी ऐकू येईनाशी झाली. साडेबारा वाजले.

लाटा दहा मीटर. पाऊस मुसळधार. वारा एकशेपस्तीस, उलट्या दिशेनं.